गोणपाटाखालची तार

माझ्या साडूच्या बागेतली द्राक्षं गोड असतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षं कुणासमोर बोललो नाही. पेटी घरी आली की चार मणी तोंडात टाकायचो आणि म्हणायचो, "बरी हायेत." नाहीतर, "औंदा जरा पाणचट वाटून राह्यली." बायको रागानं बघायची. मी मात्र पुढचा घड उचलायचो. गोड होती म्हणूनच उचलायचो, आणि गोड होती म्हणूनच पोटात दुखायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमची दोघांची लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर लागली. त्या मांडवात भाव होता तो मला. मी जालन्याच्या एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. शर्ट खोचलेला, खिशाला पेन, पायात बूट. तो हसनाबादच्या अलीकडं वडलांच्या रानात कपाशी लावणारा. फोटो काढायची वेळ आली की सासूबाई माझा दंड धरून मला मधोमध उभं करायच्या. तो आपणहून कडेला सरकायचा, हसत. मला त्या मधल्या जागेची चटक लागली, आणि पुढचं सगळं त्या चटकेतून झालं.

आता टेस्टिंग म्हणजे काय ते थोडं सांगतो. कंटाळा आला तरी ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कारखान्यातून निघणाऱ्या सळयांचे तुकडे आमच्या खोलीत येतात. एक मशीन तुकडा दोन्हीकडून धरून तुटेस्तवर ओढतं. दुसरं मशीन वाकवतं, आणि वाकलेल्या जागी बाहेरच्या अंगाला चीर पडली का ते आम्ही बघतो. चीर नसली की पास. मी नवा होतो तेव्हा आमच्या खोलीत एक जुने साहेब होते, मला त्यांनीच सगळं शिकवलं. एकदा त्यांनी मला खोलीमागच्या भंगाराच्या ढिगाजवळ नेलं आणि एक वाकवलेली सळई उचलून हातात दिली.

"कुठं गंजलीय?"

"बाकाला," मी म्हणालो.

"आन् सरळ हाय तिथं?"

सरळ भागावर नुसता करडा रंग होता. बाक मात्र लालभडक.

"एकाच सळईचा तुकडा हाय हा. पाणी दोन्हीकडं सारखंच पडलं. मंग बाकालाच का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं. ते पाण्यात उकळून त्यात दोन औषधं मिसळली, एका थाळीत ओतलं आणि त्यात एक सरळ खिळा, एक वाकवलेला खिळा ठेवला. गार होऊन त्याची जेली झाली. सकाळी येऊन बघतो तर सरळ खिळ्याच्या डोक्याला आणि टोकाला निळा रंग धरलेला. वाकवलेल्याला डोकं, टोक आणि बरोबर जिथं वाकवला तिथं निळं. जिथं निळं, तिथं लोखंड विरघळून राह्यलंय, असं साहेब म्हणाले. खिळा बनवताना डोकं आणि टोक ठोकलेलं असतं, आणि बाक आपण दिलेला. ठोकलं, वाकवलं, ओढलं, की तिथल्या कणांची जागा हलते आणि आत ताण बसतो. वरून सगळं सारखं दिसतं, पण पाण्याला बराबर कळतं कुठं चावायचं. उरलेला खिळा शाबूत राहतो आणि त्या एवढ्याशा जागेचं खाणं चालू होतं.

"हे झालं नुसत्या बाकाचं," साहेब म्हणाले. "त्यात वरून ओढ असली तर मंग इचारूच नको. एरवी गंजाचा थर साचला की खालचं लोखंड थोडंफार झाकलं जातं. ओढ त्या थराला फोडत राहते. परत ताजं लोखंड उघडं, परत गंज. खाल्लं तेवढी जागा बारीक होते. बारीक झाली की तेवढाच भार कमी लोखंडावर येतो. भार आला की चीर फाकते, चिरेत पाणी जातं. बाहेरून काय बी दिसत न्हाई, आन् एक दिवस खटकन तुटतं."

मला हे इतकं आवडलं की मी ते भेटेल त्याला सांगत सुटलो. लग्नात, बारशाला, दहाव्याला. बायको म्हणायची, "जेवताना तरी गंज काढू नका हो." म्हणजे हे ज्ञान मला नव्हतं, असं कुणी म्हणू शकणार नाही. हे ध्यानात ठेवा.

कपाशीत काही हाती लागेना म्हणून साडू कडवंचीच्या बागा बघून आला आणि द्राक्षं लावायची म्हणाला. मी मनात हसलो. कपाशी जमेना आणि द्राक्षं जमणार! पण त्यानं फोन केला, "भाऊ, मांडवाची तार ताणायचीय. तुम्ही लोखंडातले माणूस. पहिला कोपरा तुमच्या हातानं झाला पाह्यजे." मी लगेच हो म्हणालो. अहो, बोलावणंच तसं होतं.

द्राक्षाचा मांडव असा असतो. ओळीनं लोखंडी अँगल उभे करतात, त्यांच्या डोक्यावरून तारा ओढतात, वेल त्या तारांवर पसरतो आणि घड खाली लोंबतात. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अँगलपासून एक जाड तार तिरपी खाली येते आणि जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. तिला तणावा म्हणतात. पानं, फांद्या, घड, सगळ्या ओळीचा भार शेवटी या एका तारेवर. तार अँगलच्या भोकातून काढून वाकवायची आणि तिचीच तिला गुंडाळायची. म्हणजे बाकही तिथंच, ओढही तिथंच.

रविवार होता. सासूबाई आल्या होत्या, दोघी बहिणी चहा घेऊन उभ्या, गावातली चार माणसं बांधावर. पुष्कळ बागा बांधलेला एक म्हातारा मिस्तरी साडूनं बोलावला होता. मी बाह्या सारल्या. तार ओढायचं मशीन लावलं आणि ओढत गेलो. मिस्तरी म्हणाला, "साहेब, बस झालं." मी आणखी ओढली. बोटानं छेडली की तार वाजेपर्यंत ओढली. मग बाक जरा फुगीर दिसत होता, फोटोत वाईट दिसला असता, म्हणून हातोडी मागितली.

"बाकाला गोल राहू द्या साहेब," मिस्तरी म्हणाला. "हातोडी नका घालू."

"मी रोज तुटेस्तवर लोखंड ओढून राह्यलो," मी म्हणालो. "मला शिकवता का?"

सगळे हसले. मिस्तरी बाजूला झाला. मी अँगलच्या धारेवर बाक ठोकून ठोकून चपटा केला. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला तारेला गंजापासून राखणाऱ्या जस्ताचा पापुद्रा उडाला आणि खालचं काळं लोखंड दिसलं.

ते मी बघितलं. त्या रानात त्याचा अर्थ कळणारा माणूस मीच होतो. तार कापून, मागं घेऊन, नवा गोल बाक द्यायला पाव तास लागला असता. पण नारळ फुटला होता, सासूबाई "वा जावईबापू" म्हणाल्या होत्या, आणि मिस्तरीसमोर? छे! मी म्हणालो, "जरा गोणपाट आणा." बाकावर गोणपाटाची पट्टी गुंडाळली, सुतळीनं करकचून बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "असं केलं की माणसाला खरचटत न्हाई." साडू माझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "वा भाऊ, काय डोकं चालवलं!"

पुढच्या खेपेला गेलो तर सगळ्या ओळींच्या टोकांना गोणपाट. एकसारख्या पट्ट्या, एकसारख्या गाठी. साडू म्हणाला, "तुमच्यासारखंच केलं बघा सगळीकडं."

म्हणजे सगळीकडं हातोडी मारली की काय यानं? गोणपाट ओल धरून ठेवतं. त्यात द्राक्षावर मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतात, आणि मोरचूद लोखंडाचा वैरी. पण बोलायचं तर आधी माझ्या कोपऱ्याचं बोलावं लागलं असतं. मी मनाशी म्हणालो, तार जाड आहे. आपल्याकडं हवा कोरडी आहे. होत नसतं काही. मग चहा प्यालो आणि निघालो.

मग त्याची बाग लागली की हो! लागली म्हणजे अशी लागली की तालुक्याची माणसं बघायला यायला लागली. शिवारफेरी निघाली की गाड्या त्याच्या बांधावर. शाल, श्रीफळ, फेटा. तो माईक हातात धरून छाटणीवर बोलायचा, ज्याला लग्नात उखाणा घेता आला नव्हता! घर झालं, घरापुढं पोर्च झाला. आणि एका दिवाळीत फोटो काढताना सासूबाईंनी दंड धरला तो त्याचा. मला मधोमध ओढणाऱ्या त्याच हातानं त्याला मधोमध ओढलं. मी कडेला होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो फोटो आमच्या घरातही लावलाय, बायकोनं, टीव्हीच्या वर.

मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. सळई ओढायची, तोडायची, लिहायचं. कारखान्याच्या आवाजानं एक कान मंद झाला.

माणूस वाईट असता तर किती सोपं गेलं असतं. तो माजला असता, ताठला असता, तर मी मोकळेपणानं शिव्या घातल्या असत्या. पण मी गेलो की तो अजून उठून उभा राहायचा. खुर्ची पुसून द्यायचा. दरवर्षी पहिल्या तोड्याची पहिली पेटी माझ्या घरी. दुसऱ्या तोड्याची नाही, पहिल्या! देवाला ठेवायच्या आधी भाऊला, असं मेव्हणी म्हणायची. मी ती पेटी उघडायचो आणि जळायचो. आतल्या आत जळायचो, बाहेरून "बरी हायेत."

मग तो रविवार आला. दुसऱ्या दिवसापासून तोडा सुरू होणार होता, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना बागेत जेवायला बोलावलं होतं. मांडवाखाली ताडपत्री अंथरलेली, डोक्यावर हात लावावा तिथं घड. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, ताक. सासूबाई पाय पसरून बसल्या आणि वर बघत म्हणाल्या, "धाकल्या जावयानं रानात मंगल कार्यालय उभं केलं बाई!" मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही काय जावईबापू, जलमभर लोखंड तोडूनच राह्यले!"

सगळे हसले. थट्टाच होती ती. बायकोही हसली, तोंडाला पदर लावून. साडू तेवढा हसला नाही. म्हणाला, "भाऊच्या हातानंच तर बाग उभी झाली." त्याचं न हसणं मला जास्त झोंबलं.

मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं उठलो आणि चालत चालत माझ्या कोपऱ्याला गेलो. गोणपाट फवारणीनं निळंहिरवं झालं होतं, हाताला ओलसर लागत होतं. का कोण जाणे, मी सुतळी सोडली.

माझ्या टेबलावर तो तुकडा आला असता तर मशीनला लावायच्या आधीच नापास केला असता. ठोकलेल्या जागी तार अर्धीसुद्धा उरली नव्हती. लाल, काळं, पोपडे आलेलं. नखानं खरवडलं तर खाली आडवी चीर, आत गेलेली. आणि वरून ओळभर पिकलेल्या द्राक्षांची ओढ. आज तुटेल की आठ दिवसांनी, एवढाच प्रश्न होता. तुटली की ओळ बसणार, आणि एक बसली की शेजारची ओढली जाणार. उद्या सकाळी त्याच ओळींखाली गावातल्या बाया कात्र्या घेऊन बसणार होत्या.

त्या वेळी मनात काय आलं ते लिहितो, लिहायला हात मागं येतो तरी लिहितो. मनात आलं, बसू दे. एकदा बसू दे याचं मंगल कार्यालय.

मी गोणपाट परत गुंडाळलं. सुतळी बांधली, पहिल्यासारखी गाठ मारली. हौदावर हात धुतले. परत येऊन अर्धी भाकरी आणखी खाल्ली. तोवर सासूबाई जेवून सरकत सरकत माझ्या कोपऱ्याच्याच ओळीखाली आडव्या झाल्या होत्या, तिथं गार लागतं म्हणून. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "आत्या, उठा. तिकडं लिंबाखाली पडा. इथं मुंग्या हायेत." त्या कुरकुरत उठल्या.

एवढं केलं मी. एका माणसाला उठवलं आणि घरी निघालो.

मोटारसायकलवर मागं बायको, तिच्या मांडीवर दोन घड बांधलेली पिशवी. ती बहिणीच्या पोर्चबद्दल बोलत होती. राजूर गेलं तशी मी गाडी जोरात दामटली. ती म्हणाली, "तुम्हाला न्हाई बघवत त्यांचं." मी म्हणालो, "गप बस."

सकाळी कामावर गेलो. पहिला तुकडा आला, वाकवायच्या मशीनला लावला. बाक पूर्ण झाला, काढला, बाहेरच्या अंगाला चीर आहे का बघायला उजेडात धरला. चीर नव्हती. कागदावर पास लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि नजर वर गेली. घड्याळात नऊ वाजून गेले होते. बाया आठलाच येतात. मी पेन टाकलं आणि बाहेर येऊन फोन लावला.

"बोला भाऊ."

"बाया कुठं हायेत?"

"मांडवाखाली. तोडून राह्यल्या."

"बाहेर काढा सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता. मंग बोलू."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. फोन कानाला तसाच होता, मला त्याची आरोळी ऐकू आली, "ए बायांनो, टाका कात्र्या! निघा बाहेर! जल्दी!" मग कुजबूज, पळापळ. बऱ्याच वेळानं तो परत बोलला, "निघाल्या. काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "येतो."

कुणाला न सांगता निघालो. पोचलो तेव्हा बाया बांधावर बसून बडबडत होत्या, खाडा कोण भरून देणार म्हणून. साडूनं मिस्तरीलाही बोलावलं होतं. माझ्या कोपऱ्याची तार जाणार, एवढंच मी सांगितलं. आधी ओळींना बांबूचे टेकू दिले, मग माझ्या कोपऱ्याला आलो. साडूनं एका हातानं गोणपाट धरलं आणि दुसऱ्या हातानं विळ्यानं सुतळी कापायला लागला. मी म्हणालो, "हात काढा, मी करतो." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." सुतळी तुटली आणि तिच्या मागोमाग तार गेली.

सपकन आवाज आला. तारेचं टोक त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत फाडत गेलं. शेवटचा अँगल वाकला, टेकू निसटले आणि ओळ बसली. शेजारची अर्धी बसली. पुढच्या ओळी टेकूंनी धरल्या. बायांनी सोडून दिलेले क्रेट खाली चेपले. एकीची पाण्याची कळशी पार चपटी झाली. ती बाई उठून बघत राहिली, कळशीकडं, मग माझ्याकडं. आली आणि माझ्या पाया पडली. "देवावानी फोन आला तुमचा." मी पाय मागं घेतले.

साडूच्या हाताला टाके पडले. दोन ओळी गेल्या, बाकीची बाग वाचली. मी आणि मिस्तरीनं उरलेल्या कोपऱ्यांवरची गोणपाटं सोडली, आणि मी चाटच पडलो. तेच गोणपाट, तीच फवारणी, तेवढीच वर्षं. पण बाक गोल होते. हातोडी कुठंच लागलेली नव्हती. वरवर गंज होता, कपड्यानं पुसला की खाली तार धडधाकट. चपटा बाक एकच होता, आणि तुटला तोही तेवढाच. साहेबांची थाळी त्या रानात मांडल्यासारखी झाली. मी मिस्तरीकडं बघितलं, तो माझ्याकडं बघेना.

मग आठवडाभर माझंच कौतुक. सासूबाई फोनवर रडल्या. "आमच्या थोरल्या जावयाला जालन्यात बसून कळतं रानातली तार तुटणार म्हणून." गावच्या सप्त्यात बोलावून शाल घातली. मी घातली, खांद्यावरून पडू दिली नाही. फोटो काढताना सासूबाईंनी दंड धरला आणि मला मधोमध ओढलं. साडू हाताला पट्टी बांधून कडेला उभा होता, हसत. तोही फोटो टीव्हीच्या वर लागला, पहिल्याच्या शेजारी.

तोडा संपला आणि मांडव नव्यानं ताणायची वेळ आली. त्याचा फोन आला, "भाऊ, पहिला कोपरा तुमचाच." मी गेलो. ह्या वेळी बांधावर कुणी नव्हतं. तो, मी आणि थोडा लांब मिस्तरी. त्यानं तार माझ्या हातात दिली. त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी वण.

मला नाही राहवलं. म्हणालो, "पाव्हणं, ही तार मी खराब केल्ती. हातोडी घातली तवा जस्त उडालं. मी बघितलं आन् झाकलं."

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"जस्त उडालेलं. मी शेजारीच व्हतो की. मिस्तरी त्याच सांजेला म्हणला, हा कोपरा तोडून परत करू. म्या न्हाई म्हणलो."

"का?"

"एवढ्या लोकांत तुम्ही केलेलं काम तुमच्या माघारी तोडायचं? तुम्हाला कळालं असतं तर परत पाय ठेवला असता का माझ्या रानात? म्हणलं, जाड तार हाय, जाईल निभून."

"मंग बाकीच्या कोपऱ्यांना गोणपाट कशाला बांधलं?"

तो थोडा लाजला. "एकाच कोपऱ्याला दिसलं असतं तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं इचारलं असतं, इथंच का म्हणून. सगळ्याला बांधलं, मंग कोण इचारतंय."

मी तार धरून उभा राहिलो. माझी चूक झाकायला या माणसानं सगळ्या बागेला गोणपाट बांधलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्या बागेवर, घरावर, फेट्यावर जळलो. त्या क्षणी या त्याच्या गप्प बसण्यावर जळलो. हे मला कधी जमलं नसतं, आणि त्याला ते सहज जमलं होतं.

तो तारेचं दुसरं टोक सोडवत होता. खाली बघतच म्हणाला, "एक इचारू का भाऊ?"

"इचारा."

"आदल्या दिवशी तुम्ही आत्याला त्या ओळीखालून उठवलं. मुंग्या हायेत म्हणले." त्यानं टोक मोकळं केलं. "मी मागून जाऊन पाह्यलं व्हतं, औषध टाकावं म्हणून. मुंग्या न्हवत्या तिथं."

मी सांगितलं. सुतळी सोडल्यापासून परत गाठ मारेपर्यंत सगळं सांगितलं. बसू दे म्हणालो तेसुद्धा सांगितलं. माझं संपल्यावर तो बांधाकडं बघत राहिला, जिथं त्या दिवशी बाया बसल्या होत्या.

"बरं," तो म्हणाला.

मग माझ्या हातातली तार काढून घेतली, हळूच, ओढून नाही. आणि हाक मारली, "मिस्तरी, या. पहिला कोपरा तुम्ही घ्या."

मिस्तरीनं सावकाश गोल बाक दिला. गोणपाट बांधलं नाही. मी चहा पिऊन निघालो. साडूनं खुर्ची पुसून दिली, तेवढं चुकवलं नाही.

यंदा तोडा झाला आणि पेटी आली नाही. बायको दोन दिवस म्हणत होती, विसरले असतील, गडबडीत असतील. तिला मी काही सांगितलेलं नाही. शेवटी मी गाड्यावरून अर्धा किलो घेऊन आलो. तिनं एक मणी खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि बशी माझ्याकडं सरकवली.

"त्यांचीच गोड असतात," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "धाकलीचा फोन आल्ता. पहिली पेटी त्या म्हाताऱ्या मिस्तरीच्या घरी दिली म्हणे औंदा."

मी बशीतली सगळी द्राक्षं संपवली. त्या मिस्तरीवर जळत संपवली.